कळसूबाई पहिल्यांदा चढताना: बारी गावातून माथ्यापर्यंत आणि परत

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, उंची 1646 मीटर. हे शाळेत पाठ केलेलं असतं, आणि म्हणूनच ज्यांनी आयुष्यात कधी डोंगर चढलेला नसतो तेही "पहिला ट्रेक कळसूबाईच करू" म्हणून निघतात. त्यात चूक काही नाही. वाट मळलेली आहे, अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, वाटेत ताक-सरबत मिळतं. रोज तब्येतीत चालणाऱ्या माणसाला हा डोंगर जमतो. दमछाक होते, पण जमतो.

तरीही इथून वैतागून परतणारे खूप भेटतात. त्यांचं बिनसतं ते उंचीमुळे नव्हे. चुकीचा दिवस, चुकीची वेळ आणि पायात चुकीचे बूट, बहुतेक वेळा कारण या तिघांतलंच एक असतं. म्हणून या लेखात चढण्यापेक्षा ठरवण्यावर जास्त लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. कळसूबाई हा किल्ला नाही. वर तटबंदी, दरवाजे, पाण्याची टाकी, मुक्कामाची गुहा यांतलं काही नाही. माथ्यावर एक छोटं देऊळ आहे आणि चारी बाजूंना वारा.

1. आधी दिवस ठरवा, मग माणसं गोळा करा

आपल्याकडे उलटं होतं. आधी ग्रुप जमतो, मग सगळ्यांना सोयीचा म्हणून जुलैतला एखादा रविवार निघतो. कळसूबाईसाठी याहून वाईट दिवस शोधून सापडणार नाही. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी शिड्यांखाली रांग लागते. खालचे वर जायला थांबलेले, वरचे खाली यायला थांबलेले, अंगावर पाऊस, आणि मधल्या पायरीवर कुणीतरी फोन काढून उभं. अशा रांगेत तास-दीड तास सहज जातो. शिवाय माथ्यावर धुक्यामुळे समोरचा माणूस दिसत नाही, मग दरी कुठली दिसायला? पावसाळ्यात गर्दी वाढली की प्रशासन निर्बंधही घालतं, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी बारी किंवा भंडारदऱ्यातल्या एखाद्या हॉटेलवाल्याला फोन करून विचारून घ्या.

मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळातला कामाचा वार निवडावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात उतार सोनकीनं पिवळे झालेले असतात, ओढ्यांना पाणी असतं, आणि ढग हटले की लांबपर्यंत दिसतं. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ असते, पण पहाटे माथ्यावरचा वारा कान बधिर करतो. मार्चपासून ऊन चढतं. वाटेवर सावली कमी आहे, त्यामुळे उन्हाळ्यात जायचंच असेल तर उजाडताच चालायला लागून अकराच्या आत उतरणीला लागलेलं बरं. मेअखेरीला भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे पाहायला गर्दी उसळते. त्या आठवड्यांत रस्ता आणि राहायची सोय या दोन्हींचे हाल असतात.

नवरात्राचं वेगळं. त्या नऊ दिवसांत वर जत्रा असते, पंचक्रोशीतली माणसं अनवाणी चढतात, म्हाताऱ्या आजीबाई नातवाचा हात धरून शिडी चढताना दिसतात. तेव्हा जायचं तर दर्शनाला म्हणून जा, ट्रेक म्हणून नको.

2. कोणाच्या घरी जातोय ते माहीत असू द्या

गोष्ट अशी सांगतात. कळसू ही कोळ्याची मुलगी, रानात भटकायची आवड असलेली. डोंगराच्या पायथ्याला इंदोरे गावात ती एका घरी कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली: भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी सांगाल ते करीन. काही काळ ठीक चाललं. मग एके दिवशी घरात पाहुणे आले, कामाचा रगाडा वाढला, आणि मालकानं तिला भांडी घासायला, झाडलोट करायला लावली. तिनं काम पुरं केलं. नंतर एक शब्द न बोलता डोंगर चढून गेली आणि तिथेच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा, अशी नावं तिच्या गोष्टीतून डोंगराला चिकटलेली आहेत.

दुसरी एक कथा तिघी बहिणींची: कळसू, रतना आणि कात्रा. एक या शिखरावर, एक रतनगडावर, एक कात्राबाईच्या डोंगरावर. या भागातली माणसं तिन्ही डोंगरांबद्दल घरच्या लेकींबद्दल बोलावं तसं बोलतात.

हे सगळं मार्गदर्शकात कशाला, असं वाटेल. दोन कारणांसाठी. एक, वर देऊळ आहे आणि ते चालतं-बोलतं देऊळ आहे. मंगळवारी-गुरुवारी पूजा असते, लोक नवस फेडायला येतात. तिथे स्पीकर लावून नाचणं गावाला खपत नाही आणि खपूही नये. दुसरं, जी मुलगी दुसऱ्याची उष्टी भांडी काढायला नको म्हणून घर सोडून डोंगरावर गेली, तिच्या दारात आपण वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या टाकून येतो. त्या गोळा करायला शेवटी बारीतलीच मुलं वर जातात.

3. बारीपर्यंत कसं पोहोचायचं

पायथ्याचं गाव बारी, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. घोटी-राजूर रस्त्यावरच आहे.

मुंबईहून: मध्य रेल्वेच्या लोकलनं कसारा. स्टेशनबाहेर काळी-पिवळी आणि जीप उभ्या असतात. सुट्टीच्या दिवशी बारीला थेट शेअर जीप मिळते, इतर दिवशी घोटीपर्यंत जाऊन तिथून दुसरी गाडी किंवा एसटी पकडावी लागते. जीप भरेपर्यंत हलत नाही, हे धरूनच वेळ काढा. जाताना भाडं ठरवाल तेव्हाच परतीचंही बोलून घ्या आणि ड्रायव्हरचा नंबर ठेवा. संध्याकाळी बारीत रस्त्यावर हात दाखवत उभं राहण्यात काही मजा नाही.

नाशिकहून: मुंबई-आग्रा महामार्गानं घोटी, तिथून बारी.

पुण्याहून: नाशिक रस्त्यानं संगमनेर, मग अकोले, राजूर, शेंडी म्हणजेच भंडारदरा, आणि पुढे बारी. लांब पडतं. आदल्या रात्री शेंडीत किंवा बारीतच मुक्काम केलेला चांगला.

रात्रभर गाडी चालवून पहाटे तीनला चढायला लागायचं आणि सूर्योदय वर पाहायचा, हा सध्याचा लोकप्रिय बेत. सूर्योदय सुरेख असतो, नाही म्हणणार नाही. पण अंधारात पहिल्यांदा शिडी चढणं आणि उतरल्यावर त्याच झोपाळलेल्या डोळ्यांनी कसारा घाट पार करणं, यात डोंगरापेक्षा घाटाचा धोका मोठा आहे. चालक तरी पूर्ण झोप झालेला हवा.

4. पिशवीत काय असावं

• ओळखपत्र आणि सुटे पैसे. गावात पार्किंग, प्रवेश शुल्क, जेवण, वरचं सरबत सगळं असतं, पण नेटवर्कचा भरवसा नाही. फोनवरून पैसे देऊ म्हणून निघालात तर अडकाल. शुल्काची पावती मागून घ्या.
• माणशी दोन ते तीन लिटर पाणी. वरच्या टप्प्यात एक विहीर आहे, पण ऐन उन्हाळ्यात तिच्यावर विसंबू नका.
• खोल खाचांचे रबरी तळ असलेले बूट. कॉलेजला घालायचे गुळगुळीत बूट ओल्या कातळावर साबणासारखे सरकतात.
• गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर आणि ओआरएसची दोन पाकिटं.
• डोक्याला बांधायची विजेरी. दिवसा परतायचं असलं तरी.
• पावसाळ्यात रेनकोट. छत्री नको, वर वारा ती उलटी करतो आणि शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात.
• थंडीत कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट.
• रोजची औषधं, क्रेप बँडेज, गुडघ्याचा पट्टा.
• कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी.

सॅक पाठीवर दोन पट्ट्यांची हवी. हातात धरायची किंवा एका खांद्यावर लटकणारी पिशवी शिडीवर त्रास देते. खाण्याच्या वस्तू सॅकच्या आत बंद ठेवा, कारण वाटेवर माकडं आहेत आणि त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज पक्का ओळखता येतो. ड्रोन घरीच ठेवा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

5. गावात थांबा, लगेच पळत सुटू नका

बारीत बऱ्याच घरांत जेवणाची सोय होते. चढण्याआधीच मावशींना सांगून ठेवा की किती माणसं आणि साधारण किती वाजता परत. पिठलं, भाकरी, ठेचा, भात आणि पापड असा बेत असतो. खाली आल्यावर सांगाल तर चूल पेटण्यापासून सुरुवात होते. स्वच्छतागृहही याच घरी वापरून घ्या, वरच्या वाटेवर सोय धरू नका.

वाटाड्याची गरज आहे का? बारीच्या वाटेनं कोरड्या दिवसात, उजेडात, नाही. वाट चुकायला जागा फारशी नाही. पण दाट धुकं असेल, रात्री चढणार असाल किंवा गटात सगळेच नवखे असाल तर गावातलाच एखादा दादा बरोबर घ्या. इंदोऱ्याच्या बाजूनंही एक वाट वर येते. ती लांबची आणि कमी वापरातली आहे, तिथे मात्र माहीतगाराशिवाय जाऊ नका.

6. चढाई: टप्प्याटप्प्यानं

गावापासून माथ्यापर्यंत आठशे-नऊशे मीटरचा चढ आहे. नवख्या माणसानं तीन ते चार तास धरावेत, उतरायला अडीच ते तीन.

गाव सोडलं की ओढा ओलांडून वाट भातखाचरांमधून जाते. पावसाळ्यात बांधावरूनच चाला. खाचरात पाय घातला तर तुमचा बूट जातो आणि कुणाची तरी लावणी. पहिला चढ संपतो तिथे कळसूबाईचं खालचं देऊळ लागतं. ज्यांना माथा झेपत नाही ते इथेच हात जोडतात. बरोबर वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी हा चांगला शेवट आहे. सावली आहे, बसायला जागा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर त्याचा निर्णयही इथेच घ्या, पहिल्या शिडीवर नको.

यापुढे खरा चढ. दगडी पायऱ्या, मुरमाची वाट, पुन्हा पायऱ्या. बहुतेकांचा दम इथेच जातो, कारण सुरुवातीच्या उत्साहात ते सुसाट निघालेले असतात. बोलता येईल इतक्याच वेगानं चाला. दर दहा मिनिटांनी बसकण मारण्यापेक्षा हळूहळू पण सलग चाललेलं पायांना मानवतं.

वाटेत ताडपत्रीखाली छोटी दुकानं दिसतील. एखादी ताई सकाळी डोक्यावर पाण्याचा हंडा आणि लिंबांची पिशवी घेऊन तुमच्या आधी वर आलेली असते. तिथे काकडी, ताक, सरबत, कांदाभजी मिळतात. भाव खालच्यापेक्षा जास्त असतो. घासाघीस करण्याआधी तो हंडा कुठून आला ते एकदा मागे वळून पाहा.

आणखी एक. या डोंगराला खोटे माथे आहेत. एक कडा चढला की वाटतं आलो, आणि समोर दुसरा उभा असतो. "अजून किती?" हा प्रश्न उतरणाऱ्यांना विचारू नका. ते सगळे "दहा मिनिटं" म्हणतात.

7. शिड्या

शिड्यांच्या जागी पूर्वी साखळ्या धरून चढत. काही ठिकाणी त्या साखळ्या अजून कातळावर लोंबताना दिसतात. आता पक्क्या लोखंडी शिड्या आहेत, बाजूला कठडे आहेत. उंचीची भीती असलेली माणसंही यावरून जातात, फक्त काही नियम पाळावे लागतात.

चढताना नजर पुढच्या पायरीवर, खाली नाही. एक हात कायम कठड्यावर. काठी सॅकला बांधून टाका, फोन खिशात. पुढच्या माणसाच्या टाचेला डोकं लावून चढू नका, तीन-चार पायऱ्यांचं अंतर ठेवा. शिडी अरुंद आहे, दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर आली की अडतात, त्यामुळे वर-खाली हाक मारून विचारा आणि आधी उतरणाऱ्यांना वाट द्या. बाजूच्या साखळीवरून चढून दाखवणारे हौशी भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

उतरताना तोंड शिडीकडे आणि पाठ दरीकडे, घरच्या माळ्यावरून उतरतो तसं. पावसात लोखंड गार आणि बुळबुळीत होतं. सुती हातमोजे ओले झाले की उलट निसटतात, त्यापेक्षा मोकळे हात चांगले.

ढगांचा गडगडाट ऐकू आला तर काय? हे फार कमी लोक सांगतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर विजा होतात. तेव्हा आजूबाजूच्या मुलखातल्या सर्वांत उंच टोकावर, लोखंडाच्या शिडीला धरून उभं राहणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. लांबून आवाज आला की वर जायचा विचार सोडा. माथा आणि शिडी दोन्हींपासून दूर, खालच्या उतारावर या.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे थोडी सपाटी आणि ती विहीर आहे. इथे दम खाऊन, पाणी पिऊन मगच पुढे निघा, कारण माथ्यावर बसायला जागा मिळेलच असं नाही.

8. माथ्यावर

माथा लहान आहे. शेंदरी देऊळ, घंटा, आणि कड्याच्या बाजूनं लोखंडी कठडे. बूट काढून दर्शन घ्या. गावातल्या बायका ओटी भरतात, नारळ वाढवतात. नारळ आणलात तर करवंट्या परत न्या.

दिसतं काय? दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, म्हणजे प्रवरेवर बांधलेल्या आणि 1926 मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय. त्याच्या मागे रतनगड, शेजारी सुळक्यासारखा उभा खुटा. त्यापलीकडे हवा स्वच्छ असेल तर हरिश्चंद्रगडाचा डोंगर. पश्चिमेला एका ओळीत अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. ट्रेकची चटक लागलेली माणसं याच तिघांकडे बघत वर बराच वेळ बसून राहतात. उत्तरेला त्र्यंबकची रांग आणि अंजनेरी, पूर्वेला औंढा, पट्टा, बितनगड. एखादा स्थानिक म्हातारा शेजारी असेल तर त्याला नावं विचारा. फोनवरच्या नकाशापेक्षा तो जास्त सांगेल, आणि कुठल्या डोंगरावर कुणाची गुरं जातात तेही.

तंबू टाकायला माथा चांगला नाही. वारा झोपू देत नाही, आणि अभयारण्यात मनाला येईल तिथे मुक्काम करताही येत नाही. तंबूची हौस असेल तर बारीत किंवा भंडारदऱ्याच्या काठावर सोयी आहेत.

9. उतरणं

पडझड उतरताना जास्त होते. चढून झालं म्हणून डोकं सैल पडतं, मांड्या थरथरत असतात आणि मुरूम पायाखालून सरकतो. बुटाची नाडी पुन्हा आवळून बांधा, म्हणजे अंगठे पुढे आपटत नाहीत. पावलं छोटी टाका. ज्या पायऱ्यांनी चढताना दम काढला त्याच उतरताना गुडघे काढतात, म्हणून गुडघ्याचा पट्टा आत्ता बांधा.

गटातला सर्वांत हळू चालणारा माणूस एकटा मागे पडू देऊ नका. एक अनुभवी माणूस कायम शेवटी ठेवायचा, आणि त्याच्या मागे कुणी नाही, हा नियम. दुपारी दोनपर्यंत माथा गाठला नसेल तर जिथे आहात तिथून परत फिरा. माथा पळून जात नाही.

पाय मुरगळला, चक्कर आली तर सगळ्यात आधी दुकानवाल्यांना किंवा गावात कळवा. उचलून आणणारे हात तिथूनच येतात. 112 आणि 108 हे नंबर लक्षात ठेवा, आणि वर चढताना कुठे रेंज येते ती जागा हेरून ठेवा.

खाली आलात की लगेच गाडीत कोंबून बसू नका. मावशींकडचं गरम पिठलं खा, पाय ओढ्यात सोडा, थोडं फिरा. नाहीतर कसाऱ्याला जीपमधून उतरताना पाय वळणार नाहीत.

10. पुढचा डोंगर

दुसऱ्या दिवशी पाय दुखतील, तिसऱ्या दिवशी जास्त. त्यानंतर पुढचा बेत सुचायला लागतो. सरळ अलंग-मदन-कुलंगकडे वळू नका, तिथे दोर लागतो आणि जाणकार माणूसही. त्याआधी कळसूच्या बहिणीकडे, म्हणजे रतनगडाला जा. रतनवाडीत अमृतेश्वराचं जुनं शिवालय आहे, ते पाहण्यासाठीच एक सकाळ राखून ठेवा. गडावर जाणारी वाट रानातून आहे, बारीसारखी माणसांची वर्दळ नाही, आणि फाट्यांवर चुकायला होतं. तेव्हा रतनवाडीतून वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे निघण्याआधीच ठरवा.